मुशी : प्राथमिक वर्गांसाठी एक पाठ

प्राण्यांची ओळख करून देताना आपण मुलांना गाय, कावळा, बेडूक व मासा हे चार प्राणी बहुधा ठरलेल्या क्रमाने शिकवितो. मासा म्हटला की फळ्यावर एक ठरावीक आकृती निघते : अंगावर खवले, गालाशी कल्ल्यांचे झाकण, मागे दुभंगलेली शेपटी. त्याखाली आपण लिहितो, ‘मासे अंडी घालतात.’ ही आकृती खोटी नाही. परंतु ती सर्व माशांची नव्हे. या अपुरेपणामुळे वर्गात कसा अनर्थ होतो, हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. म्हणून प्रथम ती चूक सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी समुद्रकाठच्या एका गावात चौथीच्या वर्गाला शिकवीत होतो. ‘मासे अंडी घालतात’ हे वाक्य मी फळ्यावर लिहिले, तोच मागच्या रांगेतील एक मुलगी उभी राहिली. घरी मासेमारीचा धंदा. ती म्हणाली, “गुरुजी, मुशी अंडी नाही घालत. तिच्या पोटात पिल्लं असतात. आईनं चिरली तेव्हा मी बघितली.” मी तिला पुस्तकातील वाक्य मोठ्याने वाचावयास लावले आणि खाली बसविले. वर्ग हसला. पुढे काही दिवसांनी बंदरावर मी स्वतः एक चिरलेली मुशी पाहिली. तिच्या पोटात वीतभर लांबीची, पूर्ण वाढलेली सात पिल्ले होती. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी माझी चूक कबूल केली आणि फळ्यावरचे वाक्य दुरुस्त केले. तरी त्या मुलीचा हात पुन्हा वर होण्यास दिवाळीपर्यंतचा काळ गेला. तिने डोळ्यांनी पाहिलेले सत्य मी पुस्तकाच्या आधाराने नाकारले होते. प्राणिविज्ञानाचा पाया निरीक्षण हा आहे. आणि त्या दिवशी वर्गात निरीक्षण करणारी ती एकटीच होती.

तेव्हा मुशी हा पाठ शिक्षकांनी नीट तयार करून घ्यावा, या हेतूने पुढील माहिती व पाठाची रूपरेषा देत आहे.

मुशी म्हणजे कोण?

मुशी हा शार्क माशांच्या कुळातील लहान मासा होय. कोकणात लहान शार्कला मुशी व मोठ्या जातींना सामान्यतः मोरी म्हणतात. मात्र नावे गावोगाव बदलतात. मुलांच्या घरी जे नाव चालते तेच फळ्यावर प्रथम लिहावे व मग ‘शार्क’ हा शब्द द्यावा. शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आज ज्ञात आहेत. त्यांतील काही जाती हाताच्या वितीएवढ्या, तर व्हेल शार्क हा बारा मीटर व क्वचित त्याहूनही अधिक लांब वाढणारा, जगातील सर्वांत मोठा मासा आहे. आपल्या किनाऱ्यावरील बाजारात नेहमी दिसणारी फावड्यासारख्या मुस्कटाची मुशी मात्र हातभर लांबीची असते. ती उथळ पाण्यात राहते व लहान मासे, कोळंबी, माकूल यांवर जगते. महाविद्यालयांतून प्राणिशास्त्राचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या जिचे विच्छेदन करून शिकले, ती हीच मुशी. जी वस्तू पदवीच्या विद्यार्थ्यास प्रयोगशाळेत मिळत असे ती आपल्या किनाऱ्यावरील शाळांच्या दारात टोपलीतून येते, हे भाग्य थोडे नव्हे.

बाह्य शरीर

मुशीचे शरीर चातीसारखे, म्हणजे मध्ये जाड व दोन्ही टोकांस निमुळते असते. पाणी कापीत जाण्यास हा आकार सोयीचा आहे. होडीचा आकारही असाच का असतो, हा प्रश्न येथे विचारावा.

तोंड मुस्कटाच्या टोकाशी नसून खालच्या बाजूस, चंद्रकोरीसारखे असते. त्याच्या पुढे दोन नाकपुड्या दिसतात. त्या केवळ वास घेण्यासाठी आहेत. श्वासोच्छ्वासाशी त्यांचा संबंध नाही. डोळ्यांना एक पातळ आतली पापणी असते. भक्ष्य पकडताना ती डोळ्यावर ओढली जाते व डोळ्याचे रक्षण होते.

डोक्याच्या मागे प्रत्येक बाजूस पाच उभ्या फटी असतात. या कल्ल्यांच्या फटी होत. बांगडा किंवा रोहू यांच्या कल्ल्यांवर झाकण असते. मुशीला ते नसते. तोंडावाटे आत घेतलेले पाणी कल्ल्यांवरून वाहते, कल्ले त्यातील प्राणवायू शोषून घेतात व पाणी या फटींतून बाहेर पडते.

पाठीवर दोन पर असतात. पुढचा मोठा व मागचा अगदी लहान. छातीजवळ परांची एक जोडी व पोटाशी दुसरी, शेपटीच्या अलीकडे खालच्या बाजूस एक पर, आणि शेवटी शेपटीचा पर. शेपटीकडे मुलांचे लक्ष अवश्य वेधावे. बांगड्याच्या शेपटीचे दोन्ही फाटे सारखे असतात. मुशीचा वरचा फाटा लांब व खालचा आखूड असतो. नराच्या पोटाजवळील परांना आतल्या बाजूने दोन दांड्यांसारखे अवयव असतात. मादीला ते नसतात. त्यावरून नर-मादी ओळखता येते.

कातडी पाहण्यास गुळगुळीत वाटते. परंतु डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरविले आणि नंतर उलट फिरविले, तर फरक तत्काळ कळतो. उलट दिशेने ती काचकागदासारखी खरखरते. कारण तिच्यावर सूक्ष्म खवले असून त्यांची टोके मागे वळलेली असतात. या खवल्यांची घडण दातांसारखीच असते. म्हणजे मुशीचे सर्वांग जणू बारीक दातांनी मढविलेले आहे. पूर्वी लाकूड घासून गुळगुळीत करण्यासाठी शार्कच्या कातड्याचा उपयोग करीत.

खरे दात जबड्यात ओळींनी असतात. पुढचा दात पडला की मागच्या ओळीतला पुढे सरकून त्याची जागा घेतो, आणि हे आयुष्यभर चालते. चौथीतल्या मुलांचे दुधाचे दात नुकतेच पडलेले असतात. आपल्याला दात दोनदाच येतात, मुशीला पुन्हा पुन्हा येतात, ही तुलना त्यांच्या कायमची लक्षात राहते.

अंतर्रचना

मुशीच्या अंगात हाड नाही. तिचा सर्व सांगाडा कूर्चेचा असतो. वरच्या वर्गांच्या पुस्तकांत हिलाच कास्थी म्हटले आहे. मुलांना आपापल्या कानाची पाळी वरून दुमडून पाहण्यास सांगावे व नाकाचे टोक हलवून पाहण्यास सांगावे. वाकते, पण मोडत नाही. सोडले की पुन्हा जागेवर येते. ती कूर्चा होय. मुशीच्या पाठीचे मणके व जबडे चुन्याच्या क्षारांनी काहीसे कठीण झालेले असतात; तथापि ते हाड नव्हे. कूर्चा हाडापेक्षा हलकी व लवचीक असल्यामुळे मुशी चपळाईने वळू शकते. मुशीच्या कालवणात बारीक काटे लागत नाहीत हे कोकणातील प्रत्येक मुलास ठाऊक असते. त्याचे कारण आज त्याला कळेल.

बहुतेक काटेरी माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिच्यामुळे ते पाण्यात एका पातळीवर स्थिर राहू शकतात. शार्कला अशी पिशवी नसते. तिचे काम काही अंशी यकृत करते. शार्कचे यकृत फार मोठे असून तेलाने भरलेले असते, आणि तेल पाण्याहून हलके आहे. वाटीभर पाण्यात गोडेतेलाचे चार थेंब सोडून ही गोष्ट वर्गात दाखविता येते. तरीही शार्कचे शरीर पाण्यापेक्षा थोडे जड असल्याने पोहणे थांबले की तो सावकाश तळाकडे जाऊ लागतो. सगळेच शार्क अहोरात्र पोहत असतात असे मात्र सांगू नये. कित्येक जातींना पाण्याचा प्रवाह कल्ल्यांवर राहण्यासाठी सतत पोहावे लागते. इतर काही जाती तळाशी स्वस्थ पडून तोंडाने पाणी ओढून घेऊ शकतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशातून येणारे कॉड माशाचे तेल मिळेनासे झाले, तेव्हा आपल्या देशात शार्कच्या यकृतापासून तेल काढण्याचे काम वाढले. त्यात अ जीवनसत्त्व विपुल असते.

मुशीचे आतडे आखूड असते. परंतु त्याच्या आत कागदाच्या गुंडाळीसारखी घडी असते, त्यामुळे अन्नरस शोषण्यास पुष्कळ पृष्ठभाग मिळतो. कागदाचा ताव गुंडाळून लहान नळीत घालून दाखवावा. थोड्या जागेत मोठा पृष्ठभाग कसा मावतो हे शब्दांवाचून समजते.

शिळ्या मुशीला उग्र वास का येतो, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात शरीरातील पाण्याचा समतोल राखण्यासाठी शार्कच्या रक्तात व मांसात युरिया हा पदार्थ साठविलेला असतो. मासा मेल्यावर सूक्ष्म जंतू त्याचे रूपांतर अमोनियात करतात, व तो वास नाकाला झोंबतो. म्हणून मुशी ताजीच शिजवावी, असे घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया सांगतात. त्यांच्या सांगण्यास शास्त्राचा आधार आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे.

ज्ञानेंद्रिये

शार्कचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण आहे. शरीराच्या दोन्ही बाजूंनी डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदनशील रेषा जाते. पाण्यातील हालचाल व कंप तिच्यामुळे कळतात. याखेरीज मुस्कटावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे दिसतात. इटलीतील लोरेंझिनी याने १६७८ साली त्यांचे वर्णन केले. परंतु त्यांचे काम काय, हे कोडे जवळजवळ तीनशे वर्षे पूर्णपणे सुटले नव्हते. प्रत्येक सजीवाच्या स्नायूंच्या हालचालीबरोबर अत्यंत सूक्ष्म वीज निर्माण होते. ती वीज ही छिद्रे टिपतात, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगांनी सिद्ध झाले. म्हणून वाळूखाली दडलेला मासाही शार्कला सापडतो.

पिल्लांचा जन्म

काही शार्क चिवट वेष्टनातील अंडी घालतात. काहींची अंडी मातेच्या पोटातच फुटतात व पिल्ले बाहेर येतात. आपल्या मुशीची रीत याहून निराळी आहे. तिचे अंडे मोहरीच्या दाण्याहूनही लहान, सुमारे एक मिलिमीटरचे असते. त्यात पिल्लाला पुरेल एवढा अन्नसाठा नसतो. म्हणून माता आपल्या शरीरातून नाळेवाटे त्याचे पोषण करते. जन्मतः पिल्लू सुमारे बारा ते पंधरा सेंटिमीटर लांब असते. एका वेळी बहुधा सहापासून अठरापर्यंत पिल्ले होतात. जन्मल्यावर माता त्यांची काळजी घेत नाही व त्यांना दूधही पाजत नाही. म्हणून नाळ असूनही मुशी हा सस्तन प्राणी नव्हे, मासाच होय. उलट, व्हेल किंवा देवमासा याच्या नावात ‘मासा’ असला तरी तो फुप्फुसांनी श्वास घेतो व पिल्लास दूध पाजतो. तो सस्तन प्राणी आहे. केवळ नावावरून जात ठरवू नये, हा धडा येथे आपोआप मिळतो.

सुरमईची मादी एका हंगामात लाखो अंडी सोडते. मुशीला होणारी पिल्ले बोटांवर मोजता येतात. मोठ्या जातींचे शार्क वयात येण्यासही अनेक वर्षे घेतात. म्हणून शार्कची संख्या एकदा घटली की ती लवकर भरून येत नाही. शार्क, पाकट व त्यांच्या जवळच्या जातींपैकी एक-तृतीयांशाहून अधिक जाती जगात नाहीशा होण्याच्या धोक्यात आहेत, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी २०२१ साली काढला. मुख्य कारण बेसुमार मासेमारी.

भीती व वस्तुस्थिती

शार्क म्हणजे माणूस खाणारा राक्षस, ही समजूत चित्रपटांमुळे डोंगरकपारीतील शाळेपर्यंतही पोचली आहे. शिक्षकाने ती थट्टेवारी नेऊ नये व वाढवूही नये. मोठ्या शार्कच्या काही थोड्याच जाती माणसास इजा करू शकतात. साऱ्या जगात मिळून वर्षाकाठी शार्कने आपण होऊन चावा घेतल्याच्या पन्नास ते ऐंशीच्या आसपास घटना नोंदल्या जातात, आणि मृत्यूंची संख्या बहुतेक वर्षी दहाच्या आतबाहेर राहते. मुशीचे भक्ष्य बोटाएवढे असते. अजस्र व्हेल शार्क तर पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव व लहान मासे खातो.

या व्हेल शार्कची एक हकीगत वर्गात अवश्य सांगावी. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची यकृतातील तेलासाठी व मांसासाठी शिकार होत असे. २००१ साली वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याला संरक्षण मिळाले. पुढे २००४ साली मोरारीबापूंनी, माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकीची उपमा देऊन, लोकांना त्याच्या रक्षणाचे आवाहन केले. तेथील मच्छीमार जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क स्वतःचे जाळे कापून सोडू लागले. महाराष्ट्रातही संरक्षित जलचर सोडविताना जाळे कापावे लागल्यास मच्छीमारास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८ सालापासून सुरू झाली. ज्याचे पोट जाळ्यावर आहे त्याने जाळे कापणे म्हणजे काय, हे कोळ्याच्या मुलाला निराळे सांगावे लागत नाही. इतरांना ते त्याच्याकडून ऐकू द्यावे.

पाठाची रूपरेषा (इयत्ता चौथी, दोन तासिका)

उद्दिष्टे : मुशीचे बाह्य अवयव ओळखता येणे, काटेरी मासा व मुशी यांतील चार फरक सांगता येणे, प्राण्याविषयीचे विधान निरीक्षणाने पडताळण्याची सवय लागणे.

साहित्य : शक्य तेथे एक ताजी मुशी व एक बांगडा. घाटमाथ्यावरील शाळांनी तळ्यातील रोहू किंवा मरळ व मुशीचा मातीचा नमुना घ्यावा. नमुना मुलांकडूनच करवावा. वाटी, गोडेतेल, कागदाचा ताव, रंगीत खडू.

प्रस्तावना : तुमच्या पाहण्यातील मासे कोणते? त्यांच्या अंगावर काय असते? ज्याला काटे नाहीत असा मासा कोणी खाल्ला आहे काय? का बरे नसावेत? उत्तरे फळ्याच्या एका बाजूस, चूक-बरोबर न म्हणता, जशीच्या तशी लिहावी.

हेतुकथन : आज आपण हाड नसलेल्या माशाची ओळख करून घेणार आहोत.

विवेचन : पहिल्या तासिकेस बाह्य शरीर. दोन्ही मासे शेजारी ठेवून मुलांनी स्वतः फरक शोधावे. पाच-पाच मुलांनी पुढे यावे, पाहावे, मोजावे. शिक्षकाने शक्य तितके थोडे बोलावे. दुसऱ्या तासिकेस कानाची पाळी, तेलाचे थेंब व कागदाची गुंडाळी यांच्या साहाय्याने अंतर्रचना, व शेवटी पिल्लांचा जन्म.

फलकलेखन : सांगाडा – हाडाचा, कूर्चेचा. कल्ले – झाकण आहे, उघड्या फटी. खवले – पातळ चकत्या, दातांसारखे सूक्ष्म. शेपटी – फाटे सारखे, वरचा फाटा लांब.

संकलन : प्रस्तावनेत लिहिलेल्या उत्तरांकडे परत यावे व मुलांनीच ती तपासावी. जे विधान टिकले नाही ते पुसू नये. त्यावर एक रेघ मारून शेजारी दुरुस्त विधान लिहावे. चूक कशी सुधारली जाते हे मुलांना दिसले पाहिजे.

स्वाध्याय : मुशीची आकृती काढून आठ भागांना नावे द्या. घरी किंवा बाजारात एखाद्या जाणत्या माणसास तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहून आणा.

काही सूचना

वर्गात मासा चिरू नये. सुरी व लहान मुले यांचा मेळ बरा नव्हे. चिरलेली मुशी दाखवावयाची असल्यास गावातील मासे विकणाऱ्या बाईंस विनंती करावी व त्यांनाच दोन शब्द बोलावयास सांगावे. ज्यांच्या घरी मासे चालत नाहीत त्या मुलांना हात लावण्याचा आग्रह करू नये. त्यांनी दुरून पाहून आकृती काढली तरी पुरे. तसेच ज्यांच्या अंगास माशांचा वास येतो म्हणून एरवी वर्गात चिडविले जाते, त्या मुलांना या तासाला पुढे बसवावे. मासा हाताळल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

शेवटी एकच विनंती. हा पाठ घेताना एखादा मुलगा किंवा मुलगी उठून म्हणेल, “गुरुजी, असं नसतं, मी बघितलंय.” अशा वेळी पुस्तक क्षणभर मिटावे आणि विचारावे, “काय पाहिलेस? कोठे पाहिलेस? आम्हांलाही दाखव.” त्याचे म्हणणे खरे ठरले तर वर्गाचे ज्ञान वाढेल, चुकीचे ठरले तर ते का चुकले हे त्याचे त्यालाच कळेल. दोन्ही प्रकारे त्याचा हात पुढच्या तासालाही वर होईल.